परतलेला माणूस आणि त्याचे देणे

परदेशात शिकून किंवा नोकरी करून मायदेशी परतलेल्या माणसाला भारतीय समाजाने आजवर दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला शुद्धीचा: बाहेर राहून आलेला माणूस पूर्वीसारखा पंक्तीला बसू शकतो का? दुसरा ऋणाचा: बाहेर मिळवलेली विद्या तो कोणाला देणे लागतो? पहिल्या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबई-पुण्यातल्या घराघरांत वाद पेटवले. आता तो जवळजवळ विझला आहे. दुसरा उलट वाढत गेला. डॉक्टर अमेरिकेला गेला, अभियंता जर्मनीत स्थायिक झाला, की त्याने देशाचे देणे बुडवले, असे म्हटले जाते. परतला तर त्याने ते फेडले, असे मानले जाते. ही समजूत कितपत टिकते, हे पाहायचे तर दोन्ही प्रश्न क्रमाने तपासावे लागतात. मुंबईच्या मालाड उपनगरात १९३४ साली उभ्या राहिलेल्या ‘बॉम्बे टॉकीज’ या चित्रपटसंस्थेचे उदाहरण या तपासणीत विशेष उपयोगी पडते. कारण ती संस्था परतलेल्यांनी उभारली आणि तिच्यात हे दोन्ही प्रश्न एकत्र आले.

समुद्रगमनाचा दोष

धर्मशास्त्रात समुद्रप्रवासाविषयी एकच एक मत नाही. बौधायन धर्मसूत्रात उत्तरेकडच्या लोकांच्या खास चालीरीतींत समुद्रगमनाची नोंद आहे आणि त्याच ग्रंथात पुढे पतन घडवणाऱ्या कर्मांत ते पहिले येते. त्यावरचे प्रायश्चित्त कडक आहे: तीन वर्षे चौथ्या वेळचे मोजके अन्न खायचे, त्रिकाळ स्नान करायचे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. मनुस्मृती समुद्रप्रवास करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंक्तीतून वगळते. पण समुद्रव्यापारात मुरलेल्या लोकांनी ठरवलेला व्याजाचा दर मान्य करावा, असेही तीच सांगते. म्हणजे जहाजे जात होती, माल येत होता, कर्जे दिली-घेतली जात होती. हरकत होती ती द्विजाने स्वतः जाण्याला.

मध्ययुगीन निबंधकारांच्या काळात ही हरकत अधिक कठोर झाली. कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींच्या यादीत, म्हणजे कलिवर्ज्यात, समुद्रप्रवास केलेल्या द्विजाचा प्रायश्चित्तानंतरही स्वीकार करू नये, असे वचन आले. बौधायनाने निदान परतीचा मार्ग ठेवला होता. तीन वर्षे कष्ट काढले की दोष जात होता. कलिवर्ज्याने तो मार्गही बंद केला. दोष धुतला गेला तरी माणूस आत घ्यायचा नाही. यातून एक गोष्ट उघड होते: तोपर्यंत प्रश्न पापाचा उरला नव्हता, समूहाच्या सीमेचा झाला होता. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या पाच खंडांच्या ग्रंथात कलिवर्ज्याची स्वतंत्र चर्चा केली आहे. त्या चर्चेतून दिसते ते हे की, ही वचने सर्वकाळ सारखी नव्हती आणि सर्वत्र सारखी पाळलीही गेली नाहीत.

प्रत्यक्षात हा निर्बंध कसा चालत असे, याचा एक नमुना मुंबईतलाच आहे. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला निघाले, तेव्हा मोढ वाणी जातीची सभा मुंबईत भरली. विलायतेत धर्म पाळता येत नाही, साहेबांबरोबर खावे-प्यावे लागते, असा सभेच्या प्रमुखाचा आक्षेप होता. गांधी ऐकेनात, तेव्हा त्यांना जातीबाहेर टाकण्यात आले. आणि जो कोणी त्यांना मदत करील किंवा गोदीवर निरोप द्यायला जाईल, त्याला सव्वा रुपया दंड ठरला. १८९१ साली ते परतले, तेव्हा थोरल्या भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवले आणि राजकोटला जातीला जेवण घातले. तरीही जातीतला एक गट मानला नाही. त्या गटाच्या नियमाप्रमाणे सासू-सासरे आणि मेहुणे त्यांना पाणीसुद्धा पाजू शकत नव्हते. नातलग लपूनछपून नियम मोडायला तयार होते. पण उघडपणे जे करता येत नाही ते चोरून करायचे नाही, म्हणून गांधींनी त्यांच्या घरचे पाणीही घेतले नाही.

इथे शुद्धीच्या प्रश्नाची मर्यादा दिसते. नाशिकच्या स्नानाने लंडनमध्ये शिकलेला कायदा गांधींच्या डोक्यातून गेला नाही, आणि जावा असे कोणाला वाटतही नव्हते. शुद्धीचा विधी माणूस पूर्वीसारखा झाला असे जाहीर करतो. माणूस मात्र पूर्वीसारखा होत नाही, आणि त्याच्या परतण्याचा काही उपयोग असेल तर तो याच कारणाने असतो.

ऋणाची कल्पना

दुसऱ्या प्रश्नाचे मूळही वैदिक वाङ्मयात आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: ब्रह्मचर्याने ऋषींचे, यज्ञाने देवांचे आणि संततीने पितरांचे ऋण फेडायचे असते. शतपथ ब्राह्मणात ही कल्पना विस्तारते. तिथे जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋणी म्हणूनच जन्मतो, आणि तीन ऋणांत चौथ्याची भर पडते: मनुष्यांचे ऋण. ते आतिथ्याने, म्हणजे माणसाला अन्न आणि निवारा देऊन फेडायचे.

विद्येच्या दृष्टीने यांतले ऋषिऋण महत्त्वाचे. त्याचे वैशिष्ट्य असे की धनको हयात नाही. ज्या ऋषींकडून विद्या आली त्यांना ती परत करता येत नाही. त्यांना तिची गरजही नाही. शतपथ ब्राह्मण विद्वानाला ऋषींच्या ठेव्याचा राखणदार म्हणते. राखणदाराने ठेवा सांभाळायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकणे आणि दुसऱ्याला शिकवणे, यांत चुकारपणा करू नकोस असे बजावतो. पैशाचे कर्ज धनकोच्या घरी जाऊन फेडतात. विद्येचे कर्ज जो अजून शिकलेला नाही त्याच्या घरी जाऊन फेडावे लागते.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, ज्याने परदेशी गुरूकडून विद्या घेतली तोही ऋषिऋणात आहे. गुरू कोणत्या देशाचा, याने ऋणाचे स्वरूप बदलत नाही. दोन, केवळ देहाने मायदेशी येणे ही फेड नव्हे. परतून ती विद्या कुलपात ठेवली तर ऋण तसेच राहते. तीन, ऋण फेडले की नाही याची साक्ष परतणारा स्वतः देऊ शकत नाही. त्याच्याकडून कोण काय शिकले, यावरून ते ठरते.

महाराष्ट्रातले परतलेले

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतल्या मराठी माणसांची उदाहरणे या कसोटीवर घासून पाहता येतात.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरला केलेल्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांनी दिली. हे शुद्धीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. जाण्याचे कारण मात्र ऋणाच्या भाषेतले होते: इथल्या बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही. १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्री विभागाची जागाही ठरली. त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या अवस्थेत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरला रुजू होणे राहून गेले. त्यांच्या अस्थी त्यांना मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाकडे अमेरिकेला पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परतण्याचा हेतू आणि परतण्याचे फळ यांत किती अंतर पडू शकते, याचे हे उदाहरण आहे. ऋण फेडण्याचा संकल्प पुरा होता, आयुष्य अपुरे पडले. तरीही बाई डॉक्टर होऊ शकते, ही गोष्ट त्यांच्यामुळे मराठी मुलींपुढे आली; तेवढा ठेवा पुढे गेलाच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. त्याही १८८३ सालीच इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शुद्धीच्या कसोटीवर त्या सनातन्यांच्या दृष्टीने कायमच्या बाहेर गेल्या. पण पुढे अमेरिकेतही राहून १८८९ साली परतल्यावर त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि विधवांना शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेतला समाज कसा चालतो, हे सांगणारे त्यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. पंक्तीला न चालणाऱ्या बाईने विद्येचे ऋण फेडले. दोन प्रश्न एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे यातून सिद्ध होते.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माभ्यास करून परतले आणि १९०६ साली मुंबईत त्यांनी ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ स्थापन केले. धर्मांचा अभ्यास करून आलेला प्रार्थनासमाजाचा प्रचारक परळला अस्पृश्य मुलांची शाळा काढतो, यात त्या अभ्यासाचा अर्थ लागतो. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ साली परतले आणि मराठी ज्ञानकोशाच्या मागे लागले. त्यासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड पुरे केले. परदेशात पाहिलेली विश्वकोशाची कल्पना मराठी वाचकाच्या हाती देणे, हे ऋषिऋणाचे अगदी शब्दशः पालन होते. धर्मानंद कोसंबी यांना कलकत्ता विद्यापीठात बरा पगार होता; पण महाराष्ट्रात राहून काम करावे या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले महिना पन्नास रुपये त्यांनी पत्करले. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करूनही ते परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले.

ऋण आणि करार

परतलेल्याच्या ऋणाची सर्वात अवघड परीक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उदाहरणात होते. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. १९१७ साली तो पाळण्यासाठी ते बडोद्याला पोचले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव लिहून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशांचे टोळके दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने घरी घेण्याची असमर्थता दाखवली. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी या अनुभवाविषयी पुढे लिहिले आहे. ती जाणीव बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच परत आली.

शतपथ ब्राह्मणाच्या भाषेत सांगायचे तर इथे ऋण बुडवले ते समाजाने. माणसाला अन्न आणि निवारा देणे हे मनुष्यऋण. तेच बडोद्याने नाकारले. करार पाळायला आलेल्या माणसाला करार पाळणे अशक्य करून सोडले. यातून एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो: ज्या समाजाने विद्येचा हक्क पिढ्यानपिढ्या नाकारला आणि परतल्यावर छप्परही दिले नाही, त्या समाजाचे परतलेल्यावर काही ऋण उरते का? तैत्तिरीय संहितेची ऋणकल्पना ब्राह्मणापुरती बोलते, हे इथे विसरून चालत नाही. ज्याला वेद ऐकण्याचाही अधिकार नव्हता त्याच्याकडे ऋषिऋणाची मागणी करणे ही थट्टाच ठरेल.

आंबेडकरांच्या पुढच्या आयुष्याने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते ऋणाची कल्पनाच बदलून टाकते. कोलंबियातले आपले गुरू जॉन ड्यूई यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे, हे त्यांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मोकळेपणाने नोंदवले. ती विद्या मात्र त्यांनी ज्या समाजाने दार लावले त्याची परतफेड म्हणून वापरली नाही. ज्यांच्यासाठी दार कधी उघडलेच नव्हते त्यांच्यासाठी वापरली. ऋणाचा धनको कोण, हे जन्माने किंवा संस्थेने ठरत नाही, ऋणकोने विवेकाने ठरवायचे असते, असा त्याचा अर्थ निघतो. करार दोन पक्षांत असतो. एका पक्षाने तो मोडला की दुसरा सुटतो. विद्येचे ऋण असे सुटत नाही, पण ते कोणाकडे वळवायचे याचे स्वातंत्र्य परतलेल्याकडे राहते.

मालाडचा स्टुडिओ

विद्या पुढे देणे म्हणजे नेमके काय, हे कलेच्या आणि तंत्राच्या क्षेत्रात सर्वात स्पष्ट दिसते. कारण तिथे शिकलेला माणूस लगेच कामाला लागतो आणि त्याचे काम सर्वांना दिसते. मराठीत याचा आरंभ दादासाहेब फाळक्यांपासून होतो. १९१२ साली ते जेमतेम काही आठवडे लंडनला गेले, चित्रपटाची यंत्रसामग्री खरेदी करून आणि तंत्र पाहून परतले. घरी आल्यावर फिल्मच्या कडेला भोके पाडणे आणि ती धुणे ही कामे त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना शिकवली. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. पुढच्या लंडनभेटीत तिथेच राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव आला, तो त्यांनी नाकारला.

मालाडची ‘बॉम्बे टॉकीज’ ही याच वाटेवरची पुढची आणि मोठी संस्था. तिचे संस्थापक हिमांशू राय शांतिनिकेतनात शिकले, बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले आणि तिथे रंगभूमीकडे वळले. म्युनिकच्या एमेल्का कंपनीबरोबर त्यांनी १९२५ साली बुद्धचरित्रावरचा ‘द लाइट ऑफ एशिया’ हा मूकपट काढला. त्याचा आधार एडविन अर्नोल्ड यांचे काव्य होते. हे अर्नोल्ड पूर्वी पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजचे प्राचार्य होते. देविका राणी लहानपणीच इंग्लंडला शिकायला गेल्या, अभिनय आणि कापडावरची नक्षी शिकल्या आणि १९२९ साली राय यांच्याशी विवाह झाल्यावर बर्लिनच्या उफा स्टुडिओत दोघांनी चित्रपटाचे काम जवळून पाहिले. कथाकार निरंजन पाल यांचाही बराच काळ लंडनमध्ये गेला होता. ही मंडळी परतली ती एकटी नव्हे. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, छायालेखक जोसेफ विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी असे जर्मन तंत्रज्ञ त्यांच्याबरोबर आले. मालाडला एफ. ई. दिनशॉ यांच्या बंगल्याच्या आवारात स्टुडिओ आणि प्रयोगशाळा उभी राहिली.

या संस्थेतल्या दोन गोष्टी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली, कारखान्यासारखी शिस्त आणि उमेदवारांना दिले जाणारे शिक्षण. राय दरवर्षी शेकडो पदवीधर अर्जदारांच्या मुलाखती घेत. आत घेतलेल्या माणसाला कॅमेरा, ध्वनी, प्रयोगशाळा, संकलन यांपैकी एखाद्या खात्यात काम शिकावे लागे. पुढे मोठे नट झालेले अशोक कुमार प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आले होते आणि नायकाची जागा अचानक रिकामी झाली म्हणून ते १९३६ साली ‘जीवन नैया’त पडद्यावर आले. दुसरी गोष्ट, स्टुडिओच्या उपाहारगृहात सर्व जातींची माणसे एकत्र जेवत. ज्या मुंबईत समुद्रापार जाणाऱ्याला निरोप देणाऱ्यासाठी सव्वा रुपया दंड ठरला, त्याच मुंबईच्या उपनगरात अर्ध्या शतकाच्या आतच समुद्रापलीकडून आलेल्यांनी पंक्तीचा प्रश्न निकालात काढला होता. शुद्धीच्या प्रश्नाचे हे उत्तर कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत ते रोज दिले जात होते.

१९३६ साली या स्टुडिओने ‘अछूत कन्या’ काढला. रेल्वेच्या फाटकवाल्याची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप यांची ही गोष्ट. कथा पालांची, दिग्दर्शन ऑस्टेन यांचे, नायिका देविका राणी, संगीत सरस्वती देवी या नावाने काम करणाऱ्या पारशी संगीतकार खुर्शीद होमजी यांचे. त्याच वर्षी मुंबईत आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून बाहेर आले. एकाच शहरात, एकाच वर्षी, परदेशात शिकून आलेल्यांनी एकाच प्रश्नाला हात घातला. चित्रपटात कस्तुरीचा मृत्यू होतो आणि प्रेक्षक हळहळतो; ग्रंथ मात्र जात टिकवणाऱ्या शास्त्रप्रामाण्यावरच घाव घालतो. दोहोंतला फरक विद्येचा नव्हे, स्थानाचा आहे. राय आणि देविका राणी परतले तेव्हा त्यांना राहायला घर शोधावे लागले नव्हते. परदेश सर्वांना सारखी दृष्टी देत नाही; परतल्यावर पाय कुठे टेकतात यावर तिची धार ठरते.

तरी ऋणाच्या कसोटीवर मालाडची संस्था खरी उतरते, आणि ती संस्थापकांच्या यशाने नव्हे तर त्यांच्या अभावाने. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने जर्मन तंत्रज्ञांना अटक केली. पुढच्याच वर्षी हिमांशू राय वारले. विद्या जर या मूठभर माणसांपाशीच राहिली असती तर स्टुडिओ तिथेच बंद पडला असता. प्रत्यक्षात लीला चिटणीस यांची भूमिका असलेला ‘बंधन’ १९४० साली आला. १९४३ सालचा ‘किस्मत’ ज्ञान मुखर्जी यांनी दिग्दर्शित केला, छायालेखन आर. डी. परींजा यांचे होते आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच वर्षी इथे तयार झालेल्या शशधर मुखर्जी, अशोक कुमार प्रभृतींनी बाहेर पडून शेजारच्या गोरेगावात ‘फिल्मिस्तान’ काढले. ही फूट संस्थेला महाग पडली. विद्येच्या दृष्टीने ती फेडीची पावती होती. १९५० च्या दशकात बॉम्बे टॉकीज बंद झाली, तोवर तिथे शिकलेली माणसे हिंदी चित्रपटसृष्टीत सर्वत्र पोचली होती.

आक्षेप

परतण्यालाच नैतिक मूल्य देण्यावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप योगायोगाचा. होमी भाभा १९३९ साली केंब्रिजहून सुट्टीवर आले आणि युद्धामुळे इथेच अडकले. त्यांच्या परतण्यात ऋण फेडण्याचा संकल्प नव्हता. तरीही १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. उलट विर्शिंग यांची ही जन्मभूमीच नव्हती. स्थानबद्धतेतून सुटल्यावर ते इथेच राहिले, ‘महल’ आणि ‘पाकीजा’ यांचे छायालेखन केले आणि १९६७ साली मुंबईतच वारले. हेतूवर मूल्य ठरवले तर भाभांचे काम उणे पडते, जन्मावर ठरवले तर विर्शिंग यांचे हिशेबातच येत नाही. दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात, कारण मापच चुकीचे आहे. माप विद्या पुढे गेली की नाही, याचे हवे.

दुसरा आक्षेप सक्तीचा. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात, गरीब देशांतून गेलेल्या व्यावसायिकांच्या परदेशी उत्पन्नावर कर बसवावा, असा प्रस्ताव मांडला. गिलियन ब्रॉक आणि मायकेल ब्लेक यांनी २०१५ सालच्या एका ग्रंथात दोन बाजू मांडल्या: काही अटींवर गरीब देशाने सेवेची सक्ती करणे न्याय्य ठरू शकते, असे ब्रॉक म्हणतात, देश सोडण्याचा हक्क अशा कारणाने आवळता येत नाही, असे ब्लेक म्हणतात. सरकारी पैशाने शिकलेल्या डॉक्टरकडून ग्रामीण सेवेचा बाँड लिहून घेणे हा करार आहे, आणि करार म्हणून तो योग्य असू शकतो. पण त्याला ऋण म्हणणे बरोबर नाही. बाँड दंड भरून सुटतो. ऋणाला दंडाची रक्कम नसते.

तिसरा आक्षेप न परतलेल्यांचा. जो परदेशातच राहिला त्याने देणे बुडवले का? ऋषिऋणाच्या तर्काने पाहिले तर नाही. तो तिथे शिकवत असेल, इथल्या विद्यार्थ्याला वाट दाखवत असेल, तर ठेवा पुढे जातोच. मात्र एक फरक उरतो. जिथे शिकवणारे पुष्कळ आहेत तिथे एकाची भर पडणे आणि जिथे कोणीच नाही तिथे एक येणे, या गोष्टी सारख्या नाहीत. आनंदीबाईंची जागा अमेरिकेत दुसऱ्या कोणी भरली असती. कोल्हापुरात ती रिकामी राहिली. परतण्याच्या बाजूने सर्वात मजबूत युक्तिवाद मातृभूमीच्या भावनेचा नाही, या गरजेचा आहे.

इतर परंपरांची साक्ष

हा विचार एकाच धर्माचा नाही. विनयपिटकातल्या वृत्तान्तानुसार बोधिप्राप्तीनंतर बुद्ध कपिलवस्तूला आले, तेव्हा राहुलाने त्यांच्याकडे आपला वारसा मागितला. बुद्धांनी सारिपुत्ताला सांगून त्याला प्रव्रज्या दिली. राज्य देण्याऐवजी मिळवलेले ज्ञान दिले. शुद्धोदनाला याचे दुःख झाले, आणि यापुढे आईबापांच्या संमतीवाचून मुलाला दीक्षा देऊ नये, असा नियम त्याच्या विनंतीवरून झाला. देणाऱ्यालाही घेणाऱ्याच्या घरची मर्यादा पाळावी लागते, हा त्यातला भाग. हदीसमध्ये माणसाच्या मृत्यूनंतरही चालू राहणाऱ्या तीन पुण्यांत, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान मोजले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात धन्याने दिलेली रक्कम जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. त्याने ती चोरलेली नसते, फक्त फिरवलेली नसते. मालाडमध्ये देऊळ, मशीद आणि चर्च या तिन्ही ठिकाणी जाणारी माणसे आहेत आणि तिन्हीकडे विद्येविषयीचा उपदेश इतका जवळचा आहे.

आजचा प्रश्न

मालाडच्या लिंक रोडलगत काचेच्या इमारतींत आज रात्रपाळीत परदेशी कंपन्यांचे काम चालते. देश न सोडता परदेशासाठी राबणे आणि परदेशात राहून इथल्या विद्यार्थ्याला पडद्यावरून शिकवणे, दोन्ही आता शक्य आहे. त्यामुळे देहाने कोण कुठे आहे, या गोष्टीचे महत्त्व आणखी कमी झाले आहे. शुद्धीचा प्रश्न गेला तसा, कोण परतला आणि कोण नाही, हा प्रश्नही पुढे फिका पडेल.

ऋणाचा प्रश्न मात्र तसाच राहील, आणि त्याचे उत्तर परतीच्या तिकिटात मिळणार नाही. परतणाऱ्याने शुद्ध व्हावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा समाजाला अधिकार नाही. त्याने शिकवावे अशी अपेक्षा ठेवता येते. पण त्याआधी त्याला राहायला घर आणि काम करायला जागा देण्याचे समाजाचे स्वतःचे देणे आहे. बडोद्याने ते बुडवले आणि आपला अर्थतज्ज्ञ गमावला. मालाडने एका बंगल्याचे आवार दिले आणि चित्रपटसृष्टीची एक पिढी घडली.